सिग्नलला स्कूटर ओढत नाही? आधी झीज बघा, मग रोलर बदला

व्हिडिओत स्कूटरचं डावं कव्हर उघडून दाखवलं, ते आज सावकाश लिहून देतोय.

आमच्या बॅचमध्ये प्रभादेवीच्या एक ताई आहेत. पोळी-भाजीचे डबे देतात. दोन स्कूटर, दोन मुलं. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला आणि परळच्या डब्यांना टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा पडायला लागला. भरल्या गाडीने, मुंगीच्या पावलाने पूल चढायचा. एकचा डबा दीडला पोचला, की गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातं.

एका मेकॅनिकने सांगितलं, "हलके रोलर टाका, गाडी उडेल." टाकले. गाडी उडाली नाही, पेट्रोल मात्र उडालं. कारण दुखणं रोलरचं नव्हतंच.

आत नेमकं काय चालतं?

पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडासोबत 1984 मध्ये कायनेटिक होंडाचा घाट घातला. तिच्यापासून आपल्याकडे बिनगिअरची स्कूटर रुळली. हिच्यात दोन पुली आणि एक बेल्ट. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहसा सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो. झाला गिअर बदलून! मागच्या पुलीची मोठी स्प्रिंग बेल्ट घट्ट धरते. त्याच्या बाहेर क्लच: इंजिनचा वेग वाढला की शू फाकतात, ड्रमला चिकटतात आणि चाक फिरतं.

गुलमर्गला बर्फावरच्या स्कूटरवर फोटो काढलाय ना? तिच्यातही असाच बेल्ट आणि दोन पुली. तिथले लोकही वजनं आणि स्प्रिंगा बदलूनच हळू चालताना गाडी सुधारतात.

पायरी 1: झीज ओळखा

- रेस वाढते, पण गाडी सरकत नाही: बेल्ट झिजलाय किंवा क्लचचे शू गुळगुळीत झालेत.
- उठताना गाडी थरथरते: शू आणि ड्रमवर धूळ बसून ते चकाकलेत. साफ करून हलका पॉलिश पेपर मारला की बऱ्याचदा भागतं.
- हळू चालताना मध्येच झटका: रोलर एका बाजूने चपटे झालेत, नीट सरकत नाहीत.

बेल्ट आणि चकत्यांना तेल-ग्रीस लागता कामा नये. ताईंच्या गाडीत शू चकाकले होते. ते साफ केल्यावर निम्मं दुखणं तिथेच गेलं.

पायरी 2: आता रोलर

रोलर हलके केले, की ते बाहेर सरकायला इंजिनला जास्त फिरावं लागतं. म्हणजे गाडी छोट्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते आणि चढावर ओढते. हिशोब सोपा आहे: वजन 10 टक्के कमी केलं, की तेवढ्याच जोरासाठी इंजिन साधारण 5 टक्के जास्त फिरवावं लागतं. म्हणून थोडाच बदल करा. एकदम निम्म्या वजनाचे टाकले तर इंजिन नुसतं ओरडेल. सहाही रोलर एकदमच बदला, एकाच वजनाचे.

मागची स्प्रिंग कडक केली, तर बेल्टची पकड वाढते, पण बेल्ट जास्त तापतो आणि लवकर झिजतो. क्लचच्या छोट्या स्प्रिंगांना तर हातच लावू नका. त्या कडक केल्या, की क्लच उशिरा आणि झटक्याने धरतो. शर्यतीत ते चालत असेल. मंगळवारी सिद्धिविनायकासमोरच्या गर्दीत डबे घेऊन जाताना नाही चालणार.

पायरी 3: वहीत लिहा

एका वेळी एकच बदल करा. आठवडाभर तोच माणूस, तोच रस्ता, तेवढंच ओझं. रोज तीन आकडे लिहा: किती पेट्रोल, किती किलोमीटर, शेवटचा डबा किती वाजता.

समजा, गाडी रोज 40 किलोमीटर चालते आणि ॲव्हरेज 42 वरून 39 वर आलं. पेट्रोल 100 रुपये धरलं, तर दिवसाला सव्वासात रुपये जास्त. 26 दिवसांचे साधारण 190. या पैशात डबे वेळेवर पोचत असतील तर सौदा चांगला आहे. पोचत नसतील तर जुने रोलर परत टाका. म्हणूनच ते भंगारात देऊ नका! गाडी वॉरंटीत असेल तर बदल करण्याआधी विचारून घ्या.

आणि एक फुकटातली गोष्ट

पुलावर ट्रॅफिक थांबला, की पोरं ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. तेव्हा शू ड्रमवर घासत राहतात, तापतात, चकाकतात. चढावर गाडी ब्रेकवर धरायची. ताईंनी हे पोरांना समजावलं आणि स्वतः मागे बसून बघितलं.

धंद्यातही हेच आहे, मित्रांनो. नवीन काही बसवण्याआधी, आहे ते कुठे घसरतंय ते बघा. उद्या कव्हर उघडा, आणि वही सोबत ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!