हाताला वळण लागताना

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेकोरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या वेस्टरहाइम या संग्रहालयानं १९६७ साली नॉर्वेहून सिगमुंड ओर्सेत या चित्रकाराला बोलावून घेतलं आणि रोझमालिंगचा वर्ग भरवला. रोझमालिंग म्हणजे लाकडी पेट्या, वाडगे, कपाटं आणि घराच्या भिंती वेलबुट्टीनं रंगवण्याची नॉर्वेची लोककला. शिकायला बसलेली माणसं मोठी होती. नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांच्या रंगीत पेट्या अनेकांच्या घरात होत्या, पण तसं रंगवायचं कसं हे माहीत नव्हतं. आज ही कला अमेरिकेत ठिकठिकाणी जिवंत दिसते, त्याचं मोठं श्रेय अशा प्रौढ विद्यार्थ्यांना द्यायला हवं.

मुळात या कलेला वाव मिळाला तो धुराड्यामुळे. पूर्वी नॉर्वेच्या खेड्यातल्या घरात मधोमध उघडी चूल पेटायची आणि धूर छपरातल्या भोकातून बाहेर जायचा. भिंती काजळीनं काळ्या पडायच्या, त्या रंगवून उपयोग काय? अठराव्या शतकात खोऱ्याखोऱ्यांत धुराड्याची घरं वाढली, भिंती स्वच्छ राहू लागल्या आणि त्या सजवाव्यात असं शेतकऱ्यांना वाटू लागलं. नमुने शहरातून आणि चर्चमधून आले. बरोक शैलीतली अकँथसची वळणदार पानं चर्चच्या कोरीवकामात होतीच, मागून रोकोको शैलीचे नाजूक वळसे आले. खेड्यातल्या रंगाऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलले नाहीत. आपल्या हाताला पेलतील, आपल्या लाकडाला शोभतील असे करून घेतले.

हे रंगारी बहुतेक गरीब घरचे. स्वतःची जमीन नाही, म्हणून रंग आणि ब्रश घेऊन एका शेतघरातून दुसऱ्या शेतघरात जायचं, तिथं राहून काम करायचं. टेलेमार्कमधल्या हेडाल इथं ‘राम्बर्गस्तुगू’ नावाचं जुनं लाकडी घर जतन केलेलं आहे. त्याचा अंतर्भाग उला हान्सन यांनी १७८४ साली रंगवला. भिंतींवरून धावणाऱ्या त्या वेली पाहिल्या की ‘लोककला म्हणजे भाबडी, ओबडधोबड कला’ ही समजूत टिकत नाही. साधारण १७५० ते १८५० हा या कलेचा बहराचा काळ. पुढे आवडी बदलल्या, कारखान्यातल्या वस्तू आल्या, हजारो कुटुंबं अमेरिकेला निघून गेली आणि कला ओसरली.

आता समजा, चित्रकलेशी संबंध नसलेल्या चाळिशीतल्या माणसाला हे शिकायचं आहे. पहिल्या दिवशी त्याला फूल काढायला मिळेल असं नाही. बहुतेकदा सुरुवात होते ती इंग्रजी ‘सी’ आणि ‘एस’ या अक्षरांसारख्या दोन वळणांपासून. रोझमालिंगची अख्खी वेल या दोन वळणांवर उभी असते. शाळेत अक्षर गिरवतात तशी ही वळणं आधी खडूनं किंवा पेन्सिलनं कागदावर गिरवायची. मनगट आवळून काढलेली रेष लगेच ओळखू येते, ती मध्येच अडखळते. करंगळी फळीवर हलकेच टेकवायची आणि वळण खांद्यापासून येऊ द्यायचं.

मग ब्रश. चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला गडद रंग लावतात, दुसऱ्याला फिका. पॅलेटवर तो थोडा पुढेमागे फिरवला की मधल्या भागात दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. आता ब्रश कडेवर उभा टेकवायचा. हळूहळू दाब द्यायचा, केस पसरतात आणि रेष रुंद होते. वळण संपत आलं की दाब काढत ब्रश पुन्हा कडेवर आणायचा, शेपूट बारीक होत संपतं. गडद बाजू, फिकी बाजू आणि दोन्हींमधली छटा अशी एकाच ओढीत उमटते. रंग फार पातळ झाला तर ओघळतो, घट्ट राहिला तर रेष तुटते. नवशिक्याचा हात सर्वांत जास्त शिवशिवतो तो दुरुस्तीसाठी. ओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की सगळं गढूळ होतं. चुकलेलं वळण पुसून टाकायचं आणि नव्यानं ओढायचं, हेच बरं. बारीक रेषा आणि ठिपके शेवटी येतात, लांब केसांच्या अगदी निमुळत्या ब्रशनं.

जुने रंगारी रंगद्रव्यं जवसाच्या तेलात कालवत. आज तैलरंगही वापरतात आणि लवकर वाळणारे अॅक्रिलिकही. वळणं हाताशी आली की एक खोरं निवडावं लागतं, कारण प्रत्येक खोऱ्याची शैली वेगळी. टेलेमार्कची वेल एकाच मुळातून निघते आणि दोन्ही बाजू सारख्या न ठेवता मोकळी वाढते. हालिंगडालमध्ये ठसठशीत, अपारदर्शक रंग आणि मध्ये मोठं फूल. रुगालान्डमध्ये गडद जमिनीवर दोन्ही बाजूंना सारखी, नेटकी फुलं. नवशिक्याला रुगालान्ड सोपं वाटतं, कारण अर्धा नमुना कागदावर नीट काढला की तोच उलटवून उरलेला अर्धा मिळतो. टेलेमार्कला असा आधार नाही, तिथं डोळ्यांनीच तोल सांभाळावा लागतो. म्हणूनच आरंभीची काही वर्षं जुन्या पेट्यांच्या नकला करण्यात घालवली तर त्यात कमीपणा नाही. जुने रंगारीही एकमेकांचं काम पाहूनच शिकले.

अमेरिकेत या कलेला पुन्हा उजाळा देणारे पेर लिस्ने मूळचे नॉर्वेतल्या लेर्डालचे. १९०७ मध्ये ते विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटन गावी आले आणि गाड्यांच्या कारखान्यात गाड्या रंगवू लागले. मंदीच्या काळात त्यांनी लाकडी ताटं आणि घरातलं सामान रंगवून विकायला सुरुवात केली आणि त्यांचं नाव झालं. त्यांचं काम पाहून त्याच गावातल्या एथेल क्वालहाइम यांनी स्वतःच ब्रश हाती घेतला. १९८९ मध्ये क्वालहाइम यांना अमेरिकेची ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ मिळाली, लोककलावंतांसाठी तो देशातला सर्वोच्च सन्मान.

वेस्टरहाइमनं वर्गाच्या जोडीला १९६७ पासूनच स्पर्धेचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. तिथं मिळालेल्या बक्षिसांचे गुण वर्षानुवर्षं साठत जातात आणि ठरावीक गुण झाले की सुवर्णपदक मिळतं. त्यामुळे एक चांगलं ताट रंगवून भागत नाही, पुन्हा पुन्हा परीक्षकांपुढे यावं लागतं. त्या पदकाच्या मानकऱ्यांपैकी अनेकांनी पुढे आपापल्या गावात शिकवायला सुरुवात केली. ज्यांनी स्वतः मोठेपणी ब्रश धरला होता, तेच आता नवशिक्यांना करंगळी कुठे टेकवायची ते दाखवू लागले.