दीर्घतम दिवसाचा सण

२१ जूनच्या सुमारास सूर्य आपल्या उत्तरेकडील वाटचालीच्या टोकाला पोहोचतो आणि दक्षिणेकडे वळतो. खगोलशास्त्राच्या दृष्टीने ही घटना साऱ्या उत्तर गोलार्धाला समान आहे. तिचा उत्सव मात्र सर्वत्र सारखा नाही. उत्तर युरोपात हा वर्षातील प्रमुख सणांपैकी एक. आपल्याकडे पंचांगातील दक्षिणायनारंभाची नोंद क्वचितच कोणी वाचतो. या तफावतीचे कारण आकाशात नसून माणसाच्या उपजीविकेच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

स्टॉकहोम येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेअठरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस अवघा सहा तासांचा असतो. मुंबईत हेच अंतर सव्वातेरा व अकरा तास इतके अल्प आहे. जेथे प्रकाशच दुर्मिळ, तेथे प्रकाशाच्या परमावधीचा सण व्हावा हे स्वाभाविक होय. शिवाय वसंतातील पेरणी आटोपलेली आणि गवताची कापणी सुरू व्हावयाची, असा हा शेतकऱ्याच्या विसाव्याचा काळ. स्वीडनमध्ये पानाफुलांनी मढविलेला उंच खांब गावाच्या मोकळ्या जागेत उभारून त्याभोवती आबालवृद्ध फेर धरतात. नवे बटाटे आणि मुरविलेले हेरिंग मासे हे या दिवसाचे जेवण. डेन्मार्क, नॉर्वे व फिनलंड येथे समुद्राकाठी वा तळ्याकाठी शेकोट्या पेटतात.

ख्रिस्ती धर्माने हा सण मोडला नाही. त्याला नवे नाव दिले. बायबलमधील कथेप्रमाणे बाप्तिस्मा देणारा योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. त्यामुळे नाताळाच्या बरोबर सहा महिने आधी, २४ जूनला, त्याचा जन्मदिन ठरला, आणि जुन्या शेकोट्या संत योहानाच्या झाल्या.

हाच सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला, आणि येथे त्याने घेतलेले रूप मोठे उद्बोधक आहे. पोर्तुगालमध्ये या रात्री शेकोट्या पेटवितात; गोव्यात सांजावच्या दिवशी लोक पानाफुलांचे कोपेल डोक्यावर घालून भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. शिवोलीला सजविलेल्या होड्यांची मिरवणूक निघते आणि नव्या जावयाचे कौतुक होते. मातेच्या उदरात योहानाने आनंदाने उडी घेतली, या कथेशी विहिरीतील उडीचा संबंध जोडला जातो. परंतु तारीख तीच, संत तोच असताना अग्नीची जागा पाण्याने घ्यावी, याचा उलगडा केवळ कथेने होत नाही. कोकणपट्टीत त्या सुमारास सूर्य ढगांआड गेलेला असतो आणि भातशेतीचे भवितव्य पावसावर अवलंबून असते. उन्हाळ्यात आटलेली विहीर पुन्हा भरणे, हाच तेथील आनंदाचा खरा विषय होय.

तारीख बरोबर असली म्हणून सण निर्माण होत नाही, हे आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने दाखवून दिले आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. तीत आषाढाचा प्रारंभ २२ जूनला, म्हणजे अयनबिंदूला धरून केलेला आहे. गणित निर्दोष आहे. पण त्या दिवसाभोवती लोकजीवनात काहीही उगवले नाही.

याउलट, तारीख हलविली म्हणून सण नाहीसा होत नाही. स्वीडनने १९५३ मध्ये हा सण २० ते २६ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी नेला. फिनलंडने १९५५ मध्ये तेच केले. कारखाने व कचेऱ्या यांच्या आठवड्याशी सणाची सांगड घालणे हा त्यातील व्यवहार. पण सुटी रद्द करण्याचा विचार या उद्योगप्रधान देशांनी केला नाही. लाट्वियात सोव्हिएत राजवटीने १९६० च्या सुमारास याच सणाला, लीगोला, अधिकृत सणांच्या यादीतून वगळले, तरी लोक शेतांवर शेकोट्या पेटवीतच राहिले. आज तेथे २३ व २४ जून हे दोन्ही सुटीचे दिवस आहेत.

आपल्याकडे सुट्यांची चर्चा निघाली की बुडालेल्या उत्पादनाचा हिशेब प्रथम मांडला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीने घेतलेली रजा आणि सर्वांनी एकाच दिवशी घेतलेला विसावा यांचे मोल सारखे नसते. एकट्याच्या रजेत खांबाभोवती फेर धरता येत नाही, की शिवोलीच्या होड्या सजत नाहीत. दुसऱ्याला फुरसत असल्यानेच आपल्या फुरसतीला अर्थ येतो, आणि हे मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत कोठेही नोंदले जात नाही. सुट्यांची संख्या अवश्य तपासावी, तारखाही सोयीप्रमाणे बदलाव्यात. मात्र कोणतीही सुटी यादीतून काढण्यापूर्वी त्या दिवशी लोक खरोखर एकत्र येतात काय, एवढे पाहणे आवश्यक आहे. जेथे ते येत नाहीत, तेथे सुटी राखून सण जगणार नाही. जेथे येतात, तेथे ती काढून घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.