पहिली तार जवळच्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पडेगावातून नाशिक रस्त्याला लागले की मिटमिटा, शरणापूर आणि मग देवगिरीचा डोंगर. बऱ्याच वर्षांनी हौशी रेडिओकडे परतणाऱ्याला हा डोंगर आडवा येईल असे वाटते. 144 मेगाहर्ट्झच्या हँडसेटला तो येतोही. 7 मेगाहर्ट्झची लहर सरळ आभाळात सोडली, तर मात्र डोंगराचा प्रश्नच उरत नाही.

खंड या छंदाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक जमा करायला लावले. तरीही 27 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईतून उषा मेहता आणि साथीदारांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्याचे यंत्र नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने जुळवले होते. त्याची तरंगलांबी 42.34 मीटर होती, म्हणजे साधारण 7.08 मेगाहर्ट्झ. आज आपल्याकडे हौशींना 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला आहे. तो आवाज नेमका याच पट्ट्यात होता.

परतणाऱ्याचे मन आधी दूरदेशी धावते. 2017 मध्ये आलेल्या एफटी-8 या डिजिटल पद्धतीने ते सोपेही केले आहे. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संगणक गोंगाटात बुडालेला सिग्नल वाचतो आणि थोड्या वॅटवर युरोप गाठता येतो. त्यातला आनंद खराच आहे. तरीही अँटेनाची पहिली तार मराठवाड्यासाठी बांधावी, असे मला ठामपणे वाटते. त्याचे कारण किल्लारी.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर जिल्ह्यातल्या या भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या मदतकार्यात हौशी रेडिओवाल्यांनीही निरोप पोचवले. पडेगावहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे 240 किलोमीटर. एवढे अंतर हँडसेटला झेपत नाही. दूरदेशी बोलण्यासाठी उंच टांगलेल्या अँटेनाची लहरही बहुतांश या टप्प्यावरून पुढे निघून जाते.

एवढ्या अंतरासाठी तार मुद्दाम बुटकी हवी. 7.1 मेगाहर्ट्झच्या डायपोलला एकूण सुमारे 20 मीटर तार लागते, मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पाइप उभा करून मध्य वर बांधावा आणि टोके कठड्याकडे उतरवावीत. लहर जवळजवळ उभी वर जाते, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतते आणि आसपासच्या तीनचारशे किलोमीटरवर पसरते. आधी परवान्याची मुदत तपासावी. संपली असेल तर नूतनीकरणाआधी प्रक्षेपणाचे बटण दाबू नये. मोर्स विसरला असला तरी बोलून संपर्क होतोच. मोठा त्रास वेगळाच आहे. एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांचा खरखराट पूर्वी एवढा नव्हता. घरातला एकेक स्विच बंद करत तो शोधावा लागतो.

सूर्याचे सध्याचे चक्र 2024 च्या सुमारास शिगेला पोचले, त्यामुळे दिवसा 7 मेगाहर्ट्झ भरवशाचा आहे. पण पहाटे आयनोस्फिअर विरळ होतो आणि उभी गेलेली लहर त्यातून आरपार निघून जाऊ शकते. किल्लारीची वेळ तीच होती. त्या वेळेसाठी 3.5 मेगाहर्ट्झ लागतो आणि त्याला तार दुप्पट, म्हणजे सुमारे 40 मीटर. पडेगावातल्या प्लॉटवर ती सरळ मावणार नाही, पण टोके कोपऱ्यातून वळवून खाली सोडली तरी काम भागते.