पिल्लू अंड्यातच का मरते? उत्तर पाण्याच्या ट्रेमध्ये आहे

२१ दिवस झाले, इन्क्युबेटरचे तापमान ३७.५ अंशांवर स्थिर होते, तरीही निम्मी अंडी फुटलीच नाहीत. अंडे फोडून पाहिले, तर आत पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले. घरी अंडी उबवणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. अनेकदा यामागे आर्द्रता, म्हणजे हवेतला दमटपणा असतो.

आर्द्रतेचे काम काय?
अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी वाफ होऊन जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. बाहेर येण्याआधी पिल्लू पहिला श्वास याच पोकळीत घेते. हवा फार दमट असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू गुदमरते. फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो.

किती ठेवावी?
पंखा असलेल्या यंत्रात पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. या ३ दिवसांत अंडी फिरवू नयेत, झाकणही उघडू नये.

तीर्थपुरीत काय बदलते?
जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या या गावात मे महिन्याची हवा रखरखीत, तर ऑगस्टची दमट. पावसाळ्यातली २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता सुमारे ४२ टक्क्यांवर येते. म्हणजे तेव्हा थोडेच पाणी पुरते. उन्हाळ्यात ४० अंश आणि २० टक्क्यांची हवा यंत्रात जेमतेम २३ टक्के भरते. त्यामुळे वर्षभर एकच ट्रे भरून ठेवणे चुकीचे.

पाणी खोल असून उपयोग नाही, त्याचा पृष्ठभाग मोठा हवा. कमी पडले तर दुसरी पसरट वाटी किंवा ओला स्पंज ठेवावा.

खात्री कशी करायची?
स्वस्त आर्द्रतामापक चुकू शकतो. ओलसर मीठ भरलेल्या वाटीसोबत तो बंद डब्यात ८ ते १० तास ठेवावा, आकडा ७५ च्या आसपास यायला हवा.

अंडेही वजन सांगते. १८ व्या दिवसापर्यंत ते १२ ते १३ टक्के घटायला हवे, म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे सुमारे ४४ ग्रॅम. वजन कमी घटत असेल तर पाणी कमी करा, जास्त घटत असेल तर वाढवा.