गुलाबाची दुखणी – लेखांक ५ : आधी पान पाहा, मग औषध आणा

पाऊस ओसरला की रोपवाटिकांमध्ये आणि औषधांच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो : “गुलाबाची पानं पिवळी पडतायत, काय मारू?” दुकानदार एखादी बाटली हातावर ठेवतो. त्याला दोष देता येत नाही, प्रश्नच अर्धा असतो. पिवळेपण ही नुसती खूण, तिच्यामागे निदान पाच-सहा वेगळी कारणं असू शकतात. ती ओळखण्यासाठी पहिली गोष्ट पाहायची ती अशी : आधी पिवळं झालं ते कोणतं पान? खालचं जुनं, की शेंड्याचं कोवळं?

नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला आतल्या आत हलवता येतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून वाढत्या शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. सबंध पान फिकट झालं तर नत्र कमी. शिरा हिरव्या राहून मधलाच भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. लोहाचं उलट असतं. जुन्या पानात गेलेलं लोह तिथेच अडकतं, त्यामुळे उपासमार होते ती कोवळ्या पानांची. ती लिंबासारखी पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते.

आपल्याकडे ही लोहाची तक्रार फार आढळते, आणि गंमत म्हणजे मातीत लोह असूनही आढळते. गुलाबाला ६ ते ६.५ सामू मानवतो. चुनखडीच्या काळ्या मातीत, किंवा बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या कुंडीत तो साडेसातच्या पुढे जातो आणि लोह मुळांना घेताच येत नाही. अशा मातीत हिराकस टाकून फार काळ उपयोग होत नाही, तेही लवकरच विरघळेनासं होतं. चिलेटेड लोह घ्यावं, आणि घेताना त्यावर ‘ईडीडीएचए’ असं लिहिलेलं पाहावं. चुनखडीच्या मातीत टिकणारा प्रकार तो. सोबत भरपूर कुजलेलं शेणखत द्यावं आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घालावं.

वरची-खालची पानं एकदमच पिवळी पडून गळत असतील आणि कुंडी जड लागत असेल, तर खताचा विचारच करू नका. मुळं गुदमरली आहेत. कुंडीखालची बशी काढा, तळाचं भोक मोकळं करा, आणि दोन पेरं बोट मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नका.

पिवळ्या पानावर काळे, झालरीसारख्या कडेचे ठिपके असतील तर ती बुरशी. डिप्लोकार्पॉन तिचं नाव. पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू आत शिरतात, म्हणूनच पावसाळ्यात ती खालून वर झाड ओकंबोकं करत जाते. ठिपक्यांची पानं तोडा, गळलेली एकूण एक वेचा आणि कचऱ्यात द्या. घरच्या खतखड्यात टाकू नका. पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. बुरशीनाशक पुढच्या पानांना वाचवतं, ठिपका पडलेलं पान हिरवं करत नाही. थंडीत कोवळ्या फुटींवर येणारी पांढरी भुरी ही दुसरीच बुरशी. तिला पानावर पाण्याचा थर लागत नाही, त्यामुळे कोरड्या दिवसांतही ती पसरते.

पण झाड खरोखर मरतं ते बहुधा या कशानेही नाही, तर शेंड्याकडून येणाऱ्या मरीने. छाटलेल्या टोकापासून फांदी तपकिरी, मग काळी होत खाली उतरते. पानांकडे पाहणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि कलमाच्या जोडापर्यंत पोहोचली की झाड संपलं. पावसानंतरची, दसऱ्याच्या सुमाराची छाटणी ही मर थांबवण्याची उत्तम संधी. काळ्या भागाच्या बरंच खाली कापा आणि कापलेला गाभा पाहा. तो मधोमध तपकिरी असेल तर आणखी खाली जा, पांढरा-हिरवा लागेपर्यंत थांबू नका. काप तिरका, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर. प्रत्येक झाडानंतर सिकेटर स्पिरिटने पुसा. हे टाळल्यामुळे अनेक बागांत मर माणसाच्याच हाताने पसरते.

कापावर लगेच बोर्डो मलम लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं घ्या. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहा; पात्यावर तांब्याचा रंग चढला तर आणखी चुना हवा. फ्रान्समधल्या बोर्दो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं आणि १८८५ मध्ये त्याने हे औषध जगापुढे ठेवलं.

छाटणी करताना एक नजर जोडाखालीही टाका. आपले बहुतेक गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून केलेले असतात. जोडाखालून फुटलेली फांदी खुंटाची. पानाला सात पात्या म्हणजे खुंट, हा सर्रास सांगितला जाणारा नियम धरू नका. कित्येक चांगल्या जातींनाही सात पात्या येतात. फूट कुठून निघाली हे माती उकरूनच पाहावं. खुंटाची असेल तर मुळाशी धरून ओढून काढा, कारण जमिनीलगत कापली तर तिथूनच आणखी फुटते. जोडाच्या वर मात्र एकही हिरवी फांदी उरली नसेल, तर त्या झाडावर खत-औषध खर्चू नका. ते काढून टाका आणि कुंडीतली माती बदलून नवं कलम लावा.