मारबुर्गची भाकर

धर्मतत्त्वांचा काथ्याकूट हा पंडितांचा रिकामपणचा उद्योग, सामान्य भाविकाला किंवा दरबारी मुत्सद्द्याला त्याचे सोयरसुतक नसते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्गच्या गढीत भरलेल्या परिषदेचा वृत्तांत अवश्य पाहावा. त्याच वर्षी एप्रिलात श्पायरच्या साम्राज्यसभेने पोपची सत्ता झुगारणाऱ्या नव्या पंथास पायबंद घालणारा ठराव बहुमताने मंजूर केला आणि सहा संस्थानिकांनी व चौदा नगरांनी त्यास हरकत घेतली. तेव्हा आज ना उद्या बादशहा पाचवा चार्ल्स याच्या फौजेशी गाठ पडणार हे ओळखून हेसचा तरुण अधिपती फिलिप याने विटेनबर्गचा मार्टिन लूथर आणि झुरिकचा उल्रिख झ्विंग्ली यांच्यात एकी घडवून संयुक्त तह करता यावा म्हणून त्यांना समोरासमोर बसविले.

पोपप्रणीत मिस्सा दोघांनीही त्याज्य मानला होता आणि प्रभुभोजनात भाविकास भाकरीबरोबर द्राक्षारसाचा प्यालाही मिळावा, याविषयीही त्यांच्यात दुमत नव्हते. वाद होता तो भाकरीच्या स्वरूपाविषयी. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर साक्षात उपस्थित असते, असे लूथरचे म्हणणे. तर ते शरीर स्वर्गात असल्यामुळे भाकर हे त्याचे चिन्ह व स्मरण होय, असे झ्विंग्लीचे प्रतिपादन. ख्रिस्ताने भाकरीस आपले शरीर म्हटल्याचे लॅटिन वचन लूथरने मेजावर खडूने लिहून मखमली वस्त्राखाली झाकून ठेवले होते, आणि शास्त्राधार मागताच त्याने ते वस्त्र दूर सारले.

या मतभेदाचे प्रतिबिंब उपासनेत स्पष्ट उमटले होते. लूथरच्या अनुयायांनी वेदी, मेणबत्त्या व संगीत राखले. झुरिकमध्ये मात्र १५२५ च्या ईस्टरपासून मंदिराच्या मध्यभागी साधे मेज मांडून, बसलेल्या लोकांत लाकडी तबकांतून भाकर फिरविण्यात येऊ लागली, तीही वर्षातून चारदाच.

मारबुर्गच्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, परंतु पंधराव्यातील ही एक गाठ सुटली नाही आणि फिलिपचा संयुक्त तह बारगळला. दोन वर्षांनी काप्पेलच्या रणात झ्विंग्ली पडला. श्माल्काल्डेनचा लूथरपक्षीय संघ १५४७ मध्ये बादशहापुढे पराभूत झाला आणि फिलिप कैदेत गेला. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने लूथरपंथास कायदेशीर मान्यता दिली, ती झ्विंग्ली व त्याच्यानंतरचा सुधारक कॅल्व्हिन यांच्या परंपरेस मिळावयास १६४८ साल उजाडावे लागले.

लूथरला हेकट म्हणणे सोपे आहे. पण फौजेच्या गरजेपोटी श्रद्धेचे कलम सैल करावयाचे नाही, हा करारीपणा त्याच्याइतकाच झ्विंग्लीच्याही ठायी होता. या दोन परंपरांतील युरोपीय मंडळ्यांनी एकमेकांस प्रभुभोजनाचे मेज रीतसर खुले केले ते १९७३ च्या लॉयएनबेर्ग करारान्वये, आणि त्या वेळी कोणत्याही राजाला त्यांच्या एकीची निकड उरली नव्हती.