शुभार्थी आणि शुभंकर

मनुष्य व्याधीपेक्षां लोकलज्जेनें अधिक खचतो, असा आमचा अनुभव आहे. फळ्यावर पस्तीस वर्षें टपोरें अक्षर काढणारा आमचा हात पांच वर्षांपूर्वीं मुंगीएवढीं अक्षरें काढूं लागला. एका पेढीनें सही जुळत नाहीं म्हणून आमचा धनादेश परत केला. पुढें डॉक्टरांनीं कंपवाताचें निदान केलें, तेव्हांपासून जुन्नरांतील लग्नकार्यांस जाणें आम्हीं टाळलें. गेलोंच तर उजवा हात उपरण्याखालीं झांकून बसूं लागलों.

हा रोग नवा नव्हे. माधवनिदानांत 'वेपथु' नांवाचा कंपविकार सांगितला आहे. १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें सहा रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील कांहीं त्याला रस्त्यांतच दिसले होते. मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यामुळें अंग ताठतें व हालचाल मंदावते. कंप सर्वांसच असतो असें नाहीं. चेहरा निर्विकार दिसतो, आवाज क्षीण होतो, आणि घरच्या मंडळींस वाटतें कीं आजोबा रुसले!

रोग समूळ घालविणारा उपाय अद्यापि नाहीं; परंतु लेव्होडोपा या औषधानें हालचाल पुष्कळ सुधारते. सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतून हेंच द्रव्य १९३७ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं वेगळें केलें होतें. मात्र बियांत त्याचें प्रमाण कमीअधिक असतें; म्हणून आपल्या मनानें त्या घेऊं नयेत, आणि चालू औषधही एकाएकीं सोडूं नये.

आमचे चिरंजीव आम्हांस पुण्यास पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेस घेऊन गेले. तेथें कोणीही हात झांकीत नव्हतें. हें मंडळ सभा भरवितें, सहली काढतें, आणि पार्किन्सनचा जन्मदिवस ११ एप्रिल हा दिवस मेळाव्यानें साजरा करतें. नृत्यशिक्षक हृषीकेश पवार यांनीं पुण्यांत अशा मंडळींस नृत्यही शिकविलें आहे. तेथें रुग्णास 'शुभार्थी' व त्याची काळजी वाहणारास 'शुभंकर' म्हणतात. 'रुग्ण' याचा धात्वर्थ मोडलेला. 'शुभार्थी' म्हणजे शुभाची इच्छा धरणारा. जन्मभर संस्कृत शिकविलें, पण एका शब्दानें मनुष्याची मान वर होते हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

घरच्या शुभंकरांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कित्येकदां चालतांना पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात. अशा वेळीं हात धरून ओढूं नये. फरशीची रेघ ओलांडावयास सांगावें किंवा तालावर एक-दोन मोजावें. ओटीवर अडणारा मनुष्य वाड्याच्या पायऱ्या मात्र सहज चढतो, तें पाहून कोणास ढोंग वाटेल. पण पायरी ही डोळ्यांस दिसणारी खूण असते, व तिच्या आधारें पाऊल उचलतें. दुसरें, सदऱ्याच्या गुंड्या लावावयास त्यास पाव घटका लागली तरी लागूं द्यावी. आपण लावून दिल्यानें वेळ वांचतो, मनुष्य वांचत नाहीं. आणि रात्रंदिवस राबणाऱ्या सूनबाईस किंवा गृहिणीस आठवड्यांतून एक दुपार मोकळी मिळावी, हाही औषधाचाच भाग समजावा.

जुन्नर-आंबेगांवकडील वृद्धांस पुण्याची खेप वारंवार झेपत नाहीं. म्हणून आतां महिन्यांतून एकदां आमच्याच ओटीवर बैठक असते. मंचर-घोडेगांवाहूनही दोघे-तिघे येतात. मागील महिन्यांत एक गृहस्थ प्रथमच आले, ते हात उपरण्याखालीं झांकूनच. चहा आला, त्यांच्या बशींत अर्धा सांडला, व ते ओशाळले. तेव्हां आम्हीं सर्वांनीं आपापल्या बशा पुढें करून दाखविल्या. प्रत्येकींत चहा होताच. त्या गृहस्थांनीं उपरणें बाजूस ठेविलें आणि आणखी अर्धा पेला मागितला.